चौथी वाटी

जळगाव,
ता. १६ नोव्हेंबर १९९६

प्रिय हारुन,

दिवाळी आटोपली, पेढीवरची सोनं घेणाऱ्यांची गर्दी ओसरली, पण माझं डोकं काही थंड झालेलं नाही. कारण आपले सुकदेवराव. मॉडेल मोटार मंडळाचे चिटणीस झाल्यापासून त्यांना वाटायला लागलंय, की रिमोटच्या गाड्या हिंदुस्थानात त्यांनीच आणल्या. सव्वीस जानेवारीला नाशिकला शर्यत आणि प्रदर्शन ठरलंय. माझ्या न बांधलेल्या किटला मधलं टेबल देणार आहेत. इथवर ठीक. पण खाली काय लिहावं? "किट कंपनीतून निघाल्यापासून कोणी हाताळलेलं नाही, याची खात्री करून घ्यावी." हे मला! बावीस वर्षं मी पेढीवर भिंग लावून दागिने पारखतो, आणि हे मला खात्री करायला सांगतात. उलट टपाली कळवलं, की डबा कोरा आहे, ही लीलाधर नेहेतेची जबान समजा.

तुला माहीत आहे, तरी रागाच्या भरात पुन्हा सांगतो. चारही चाकं ओढणारी ही टूरिंग कार त्या जपानी कंपनीनं जेमतेम वर्षभर काढली आणि बंद केली. आपल्या मंडळात तिचं न बांधलेलं किट एकच आहे, ते माझ्याकडे. त्यासाठी मी माझी दोन किटं मुंबईच्या त्या व्यापाऱ्याच्या हवाली केली, तेव्हा तू मला वेडा म्हणाला होतास.

आता काम. तू बांधून दिलेली माझी शर्यतीची गाडी याच मॉडेलची. गेल्या रविवारी तिच्या पुढच्या गिअरबॉक्समधली वाटी फुटली. तीच, बोटाच्या पेराएवढी, जिच्यात चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक बसतं. तुकडे शोधत मी रस्त्यावर अर्धा तास रांगलो, मिळाले नाहीत. सुटी वाटी आता कुठेच मिळत नाही. म्हणून छातीवर दगड ठेवून कोरं किट नमुन्यासाठी पाठवतोय. आपल्या मंडळातला निंबा चोपड्याहून केळीच्या कामानं इथे आलाय, पुढे धुळ्याला निघालाच आहे, त्याच्या हाती देतो.

<u>फक्त 'सी' पिशवी उघडायची.</u> तिच्या तोंडाला कागदी पट्टी आहे, पट्टीला दोन पिना. पिना नखानं वळवून काढ आणि काम झालं की त्याच भोकांतून परत घाल. आत चार वाट्या आहेत. एकीचं माप घे आणि तशी एक पोलादाची बनव. बाकी कशाला हात लावू नकोस. पिशवी मी इथेच उघडून एक वाटी पाठवू शकलो असतो, पण खरं सांगतो, हात धजावत नाही. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. अमिनाबीवहिनींना नमस्कार.

तुझा
लीलाधर

---

धुळे,
ता. २ डिसेंबर १९९६

लीलाधर,

तुझा डबा मिळाला. निंबा म्हणाला, एवढं सांभाळून मी माझ्या सासऱ्यालाही कधी आणलं नाही.

काम झालं. वाटी चांगल्या पोलादाची आहे, लाल करून तेलात विझवलेली. हा उद्योग अमिनाबीच्या गॅसवर केला, त्याबद्दल तुझ्या नावानं बोलणी मी खाल्ली. नमुन्याच्या चार वाट्या 'सी' पिशवीत जिथल्या तिथे, पिना त्याच भोकांतून. तुझ्या गाडीची वाटी वेगळ्या पुडीत आहे.

आता मजा ऐक. माप जुळलं म्हणजे काम झालं, असं माझ्या दुकानात होत नाही. फिरवून पाहिल्याशिवाय मी पंपाचा शाफ्ट देत नाही, तर वाटी कशी देऊ? तुझी गाडी तर तिकडे. मग तुझंच किट बांधलं. चार संध्याकाळी लागल्या. मित्रा, काय चीज आहे! पुस्तकात प्रत्येक स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं छापलंय. स्क्रू चित्रावर ठेवायचा, जुळला की तोच. बेअरिंग अंगठ्यानं दाबलं की जागेवर, हातोडीची आठवणसुद्धा येत नाही. पंचवीस वर्षं लेथवर उभा आहे, पण पुढच्या माणसाचा एवढा विचार करून ठेवलेलं काम मी पाहिलं नव्हतं. बॉडीला हात लावला नाही. ती पारदर्शकच आहे, आतल्या बाजूनं रंगवायची ती तुझी तू रंगव. रेडिओ आणि बॅटरी माझ्या जुन्या गाडीतली घातली.

काल रविवारी नरडाण्याला गेलो. औद्योगिक वसाहतीत मोकळ्या प्लॉटांमागे डांबरी रस्ता आहे, त्यावर चिटपाखरू नसतं. तीन वेळा बॅटरी संपेपर्यंत पळवली. वळणावर मागचं चाक जरासुद्धा घसरत नाही. एक म्हातारे बाबा बैल घेऊन चालले होते, ते थांबले. "हाई काय शे रे भो? उंदीरले चाकं लायात का?" मी म्हटलं, "आबा, जपानना उंदीर शे." बैल गेला पुढे निघून आणि हे अर्धा तास तिथेच.

मग सगळी परत खोलली, ब्रशनं पुसली, ज्या त्या पिशवीत भरली. निंबाच्याच हाती पाठवतोय. पावती म्हणून दोन ओळी लिही.

तुझा
हारुन

---

जळगाव,
ता. ७ डिसेंबर १९९६

श्रीयुत हारुन पिंजारी मिस्त्री यांस,

आपलं पत्र आणि आपण पुसून पाठवलेलं भंगार मिळालं.

हारुन, तू शुद्धीवर आहेस का? एसटीडी बूथवर गेलो होतो, पण तिथे रांग होती आणि मला जे बोलायचं होतं ते रांगेसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. मी काय लिहिलं होतं? फक्त 'सी' पिशवी. खाली रेघ मारली होती. रेघ मारण्याचा आणखी काय अर्थ असतो धुळ्यात? आणि तू ते बांधलंस, नरडाण्याच्या रस्त्यावर पळवलंस, बैलवाल्या बाबाला दाखवलंस आणि वर मला "मजा ऐक" म्हणतोस!

टायरच्या खाचांत खडी आहे. भिंगातून मोजली, एकाच टायरमध्ये सात खडे निघाले. स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे आहेत. दांड्यांना वंगण लागलंय. पहिला स्क्रू फिरला त्या क्षणी किट संपलं आणि गाडी झाली. गाड्या काय, मंडळात प्रत्येकाकडे आहेत, निंबाकडेही आहे. मधल्या टेबलावर मी आता काय ठेवू? सुकदेवरावांना कोणत्या तोंडानं सांगू? मी जबान दिलीय त्यांना!

सातवीच्या वर्गात आपण एका बाकावर होतो म्हणून हे पत्र तरी लिहितोय. दुसरा कोणी असता तर पहिली बस पकडून आलो असतो आणि मग काय झालं असतं ते तुझ्या गल्लीनं पाहिलं असतं. 'सी' पिशवी अजून उघडलेली नाही, उघडायची भीती वाटते.

लीलाधर

---

धुळे,
ता. ११ डिसेंबर १९९६

लीलाधर,

भंगार म्हणालास. ठीक. आता माझंही ऐकून घे.

दुकान टाकलं त्या वर्षी कापसाच्या एका जिनिंग मशीनचा शाफ्ट मी फिरवून न पाहता दिला. गिऱ्हाईक घाईत होतं, माप बरोबर होतं. पण शाफ्ट केसभर वाकडा होता. तिसऱ्या दिवशी पट्टा उडाला आणि तिथल्या माणसाची दोन बोटं गेली. तो माणूस आजही बाजारात भेटला की मला सलाम करतो आणि मी गल्ली बदलतो. तेव्हापासून माझ्या हातचं काम फिरवल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. गिरणीचं असो नाहीतर तुझ्या कपाटातलं. हे तुला माहीत नाही असं सांगू नकोस.

तरी चूक माझी आहे. रेघ दिसली होती. आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि मला ते बांधायचं होतं. झालं समाधान? पण एक गोष्ट दहा वर्षं पोटात आहे, ती आज ओकतो. तुझ्या कपाटात अकरा डबे आहेत. जगाच्या पलीकडे कोणीतरी बसून ठरवलंय, की हा स्क्रू इथे बसेल आणि गाडी अशी वळेल. तू तो स्क्रू कधी बसूच देत नाहीस. चोरून उघडून वास घेतोस आणि परत कुलूप लावतोस. मला चीड येते त्याची.

खडी काढायला टायर साबणाच्या कोमट पाण्यात ठेव, दात घासायच्या जुन्या ब्रशनं निघेल. ओरखडे पडलेले स्क्रू मी बदलून देतो, तसलेच नवे मिळतात. 'सी' पिशवी मात्र उघडू नकोस. ती आहे तशी राहू दे.

हारुन

---

(पोस्टकार्ड)

जळगाव, ता. १४ डि. ९६

हारुन मिस्त्री,

'सी' पिशवी उघडू नकोस म्हणालास, तेव्हाच संशय आला. उघडली. तीन वाट्या कंपनीच्या, ओतीव. चौथी लेथवर काढलेली. हत्याराच्या गोल रेषा भिंगाखाली स्पष्ट दिसतात. माझी चौथी वाटी कुठे आहे? तुझ्या गाडीची वाटी झिजल्याचं उन्हाळ्यात तूच बोलला होतास. याला चोरी म्हणतात. धुळ्याला माल पाठवताना विचार करावा, अशी कार्डं मंडळात सर्वांना टाकली आहेत.

ली. नेहेते

---

जळगाव,
ता. २४ डिसेंबर १९९६

हारुन,

दहा दिवस झाले. उत्तर नाही.

पेढीवर कोणाला पकडलं की खरा माणूस आरडाओरडा करतो, पेढी डोक्यावर घेतो. तू ओरडत का नाहीस? मी रोज टपालाची वाट पाहतोय. वाटलं होतं चार पानी शिव्या येतील. गप्प बसलास, म्हणजे मी काय समजायचं?

एवढ्याशा वाटीसाठी, हारुन! मागितली असतीस तर मी काय दिली नसती? खरं म्हणजे नसती दिली. पण म्हणून घ्यायची? वाटी परत पाठव. सुकदेवरावांना लिहितो, की सापडली. विषय संपला. याहून जास्त मी काय करू?

लीलाधर

---

धुळे,
ता. २८ डिसेंबर १९९६

लीलाधरभाऊ,

मी अमिनाबी लिहिते आहे. यांना माहीत नाही. माझं मराठी नगरपालिकेच्या शाळेतलं आहे, चुकलं तर भिंग लावून वाचा.

तुमचं कार्ड आलं तेव्हा दुकानात चार गिऱ्हाईकं होती. लोटन पोस्टमन वाईट माणूस नाही, पण उघडं कार्ड वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. रस्त्यातूनच ओरडला, "हारुनभाऊ, तुले चोर म्हणी राहिना हाऊ! कोन शे हाऊ?" संध्याकाळपर्यंत बठ्ठ्या गल्लीला माहीत झालं. चोर म्हणायचं होतं तर पाकिटात घालून म्हणायचं होतं. एवढी तरी लाज राखायची. तिसऱ्या दिवशी निंबाभाऊ आले आणि दुरुस्तीला दिलेला त्यांचा गिअरबॉक्स अर्धवट खोललेला तसाच फडक्यात बांधून घेऊन गेले. मान वर केली नाही. नाशिकच्या दोघांनी पार्सलं परत मागवली. दुकानाचं शटर अर्धंच वर असतं.

आता खरं काय ते ऐका. डबा उघडला तेव्हा मी समोर होते. पलंगावर धुतलेली चादर घालून उघडला, तुमची वस्तू म्हणून. पिशवीत वाट्या तीनच होत्या. पट्टीवर पुढून त्या मुंबईच्या व्यापाऱ्याचं गोल लेबल आहे ना? जुनी भोकं त्याखाली झाकली आहेत. पट्टी उलटी करा आणि मागून बघा. दोन पिनांची चार भोकं पाहिजेत. आठ आहेत. पिशवी तुमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी उघडली होती.

मी म्हटलं, त्यांना कळवा. हे म्हणाले, "लीलाधरनं दोन किटं देऊन हे एक घेतलंय, मंडळात छाती काढून सांगितलंय. पेढीवर पारख करणारा माणूस स्वतः फसला, हे मी त्याला कसं सांगू? तो खचून जाईल. एक वाटी बनवून टाकतो, कोण बघतंय." म्हणून दोन वाट्या बनवल्या, एक तुमच्या गाडीची आणि एक ही. हिच्यासाठी तीन वाया गेल्या. माझ्या गॅसवर तेलाचा वास आठवडाभर होता. नवी वाटी जुन्या तिघींबरोबर नीट फिरते का, ते पाहायलाच गाडी बांधली. गाडी बांधायची हौसही होती, ते मी नाकारत नाही.

यांनी तुम्हाला खोटं लिहिलं, तेही खरं. पण ते कोणासाठी लिहिलं, याचा विचार करा. भाऊ, तुम्ही धातू बरोबर ओळखलात. माणूस तर सातवीपासून तुमच्या शेजारी बसला होता. माझा एवढा संताप झाला आहे, की मी जळगावला येऊन तुमच्या पेढीच्या पायरीवर उभी राहून बोलले असते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पट्टी उलटी करा.

अमिनाबी

---

जळगाव,
ता. १ जानेवारी १९९७

प्रिय हारुन,

अमिनाबींचं पत्र मिळालं. त्यांच्यावर रागावू नकोस. पट्टी उलटी केली. आठ भोकं आहेत. किट घेतलं त्या दिवशी भिंग माझ्या खिशात होतं आणि मी ते बाहेरही काढलं नाही, इतका हरखून गेलो होतो. रस्त्यावरच्या माणसाला दिसलं असतं ते मला दिसलं नाही.

चुकलो. तुला चोर म्हणालो, हात जोडतो. त्या व्यापाऱ्याला मी सोडणार नाही, पुढच्याच आठवड्यात मुंबईला जाऊन त्याची गचांडी धरतो. पण हारुन, तू तरी खोटं का लिहावंस? "चार वाट्या जिथल्या तिथे"! मला काय कुक्कुलं बाळ समजलास? खरं लिहिलं असतंस तर मी तुझ्यावर दोन दिवस ओरडलो असतो आणि गप्प झालो असतो.

एक विनंती आहे. सव्वीस जानेवारीपर्यंत हे आपल्या दोघांत राहू दे. सुकदेवराव टपूनच बसलेत. आत्ता त्यांना कळलं, तर पेढीपर्यंत बोंब जाईल, की नेहेतेला साधी पिशवी ओळखता येत नाही. खडी मी काढली आहे, स्क्रू पुसले आहेत. काचेखाली ठेवलं तर लांबून कोणाला काही दिसणार नाही. प्रदर्शन एकदा पार पडू दे. मग फेब्रुवारीत सगळ्यांना सावकाश सांगतो, की जरा गैरसमज झाला होता. तुझी वाटी गाडीत बसवली, झकास चालते.

तुझाच
लीलाधर

---

धुळे,
ता. ६ जानेवारी १९९७

लीलाधर,

ओरडत का नाहीस, असं विचारलं होतंस. घे, ओरडतो.

चोर उघड्या कार्डावर म्हणालास आणि माफी बंद पाकिटात मागतोस? तुला मधलं टेबल हवं, म्हणून मी आणखी महिनाभर चोर राहायचं? फेब्रुवारीत सावकाश सांगणार! तुझी चार कार्डं दोन दिवसांत पोचली, तेव्हा सावकाशपणा कुठे होता?

मी खोटं लिहिलं, त्याची शिक्षा मी भोगतोय. तुझं नाक वाचावं म्हणून लिहिलं. त्याच नाकासाठी तू मला आता काय सांगतोस, की लोकांना वाटतंय ते वाटू दे. पंचवीस वर्षं मी या गल्लीत काम करतो. माझ्याकडे मोठं मशीन नाही, पाटीसुद्धा धड नाही. लोक येतात ते एवढ्यासाठी, की हारुन पिंजारीकडे बंद पेटी ठेवून गेलं तर परत मोजावी लागत नाही. माझ्याकडे दुसरं काही नाहीच. तेवढंच होतं, त्यावर तू काळं फासलंस आणि आता म्हणतोस, महिनाभर पुसू नकोस.

आणि ते किट तू कोरं म्हणून काचेखाली मांडणार! पेढीवर कोणी हिणकस सोनं चोख म्हणून विकलं तर तू त्याला काय करतोस? कार्ड वाचून मी गप्प बसलो ते यासाठी, की खरं बोललो तर तू उघडा पडतोस आणि न बोललो तर मी. म्हटलं, लीलाधर शहाणा आहे, एक दिवस पट्टी उलटी करील. तू उलटी केलीस ती माझ्या बायकोनं सांगितल्यावर, आणि करूनही तुला आधी टेबल आठवलं.

मला भरपाई नको. चार ओळी पाहिजेत. जिथे माझं नाव खराब केलंस, तिथे सगळ्यांसमोर वाचलेल्या, आणि प्रदर्शनाच्या आधी. देणार नसशील तर यापुढे पत्र लिहू नकोस.

हारुन

---

जळगाव,
ता. १४ जानेवारी १९९७

(श्री. सुकदेवराव, चिटणीस, मॉडेल मोटार मंडळ, नाशिक, यांस पाठवलेलं पत्र. नक्कल हारुन पिंजारी, धुळे.)

सुकदेवराव,

हे पत्र सव्वीस तारखेला प्रदर्शन उघडण्याआधी सर्वांसमोर मोठ्यानं वाचावं. मी तिथे हजर असेन.

डिसेंबरात मी कार्डं टाकली, की धुळ्याच्या हारुन मिस्त्रींनी माझ्या किटमधली एक वाटी घेतली. ते खोटं आहे. किट मला मुंबईहून मिळालं तेव्हाच त्याची पिशवी एकदा उघडून परत पिना मारलेली होती आणि वाटी तेव्हाच नव्हती. मी ते पाहिलं नाही. आपण खात्री करून घ्या म्हणून लिहिलंत, तेव्हा मला राग आला. आपलं बरोबर होतं. नसलेली वाटी हारुननं स्वतःच्या हातानं बनवून आत ठेवली आणि माझी फजिती होऊ नये म्हणून तो गप्प राहिला. त्याबद्दल मी त्याला चोर म्हणालो.

किट बांधून, पळवून, परत खोललेलं आहे. ते कोरं नाही. मी ते आणणार नाही, मधलं टेबल दुसऱ्या कोणाला द्यावं. आणि चिडून विचारतो, म्हणून माफ करा. माझं एक कार्ड आल्याबरोबर तुम्ही सगळ्यांनी पार्सलं परत मागवलीत. बाबा रे, तू हे केलंस का, असं त्या माणसाला तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का? मीही विचारलं नाही. पण मी तर त्याच्या बाकावरचा होतो.

लीलाधर नेहेते

(हारुनच्या नकलेखाली हातानं लिहिलेलं)

हारुन, चार ओळी मागितल्या होत्यास, जास्तच झाल्या. राग गेला का ते कळव. फेब्रुवारीत मला दुबईहून एक नवीन किट येतंय. हे मात्र बांधायचं असं ठरवलंय. त्याच्यासाठी एक सुटा दांडा करून हवाय. डबा निंबाच्या हाती पाठवू का?

---

धुळे,
ता. ३० जानेवारी १९९७

लीलाधर,

निंबा काल आला. गिअरबॉक्स फडक्यात बांधून परत आणला आणि या वेळी माझ्याकडे बघून बोलला. त्यानं सगळं सांगितलं. सुकदेवरावांनी पत्र वाचलं तेव्हा तू अगदी पुढे उभा होतास. मागून कोणीतरी हसलं, तरी हलला नाहीस. तुझे कान लाल झाले होते म्हणे. शर्यतीत सहावा आलास, तेही कळलं. ते पत्र लिहिणं तुला सोपं गेलं नसणार, हे मी समजू शकतो. नाशिकची दोन्ही पार्सलं परत आली आहेत.

गल्लीत मात्र पत्र वाचून दाखवायला सुकदेवराव नाहीत. लोटनला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मी तं तवळच म्हनं, हारुनभाऊ असा नही." पण शेजारच्या टायरवाल्यानं परवा माझा पान्हा नेला होता, तो परत देताना हसून म्हणाला, "मोजी ले बरं." गंमतच केली बिचाऱ्यानं. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

राग गेला का, असं विचारलंस. रोजे चालू आहेत, खोटं लिहिणार नाही. माफ केलंय, मनापासून केलंय, पण राग अजून आहे. कमी होईल तसं कळवीन. अमिनाबीचा मात्र गेला. ती म्हणते, ईदला शिरखुर्मा खायला या.

दांडा करून देतो. नेहमीसारखा फिरवूनही बघीन. पण डबा निंबाच्या हाती पाठवू नकोस. सकाळची एसटी पकडून तू स्वतः घेऊन ये. माझ्यासमोर बस. पिना तुझ्या हातानं काढ, आत काय काय आहे ते मोठ्यानं मोज, मग मी हात लावीन. काम झालं की तुझ्यासमोर मोजून परत भरीन आणि तू कागदावर सही कर. अमिनाबी म्हणाली, दोस्ताशी असं कोणी वागतं का? मी म्हटलं, गिऱ्हाइकाशी वागतात.

दहा वर्षं तुझे डबे मी एकट्यानं उघडले, लीलाधर. आता नाही उघडणार.

हारुन